पहिला घास

१९५९ साली एसएसएलसीच्या शालान्त परीक्षेचा गणिताचा पेपर नेमका एकादशीला आला, आणि बसवनगुडीतल्या भीमाचार्यांच्या घरात त्या दिवशी सकाळपासून कुणी कुणाशी धड बोलेना.

त्यांची लेक क्षमा विहिरीपाशी बसून कोरड्या ओकाऱ्या काढत होती. शाळेच्या चाचणीच्या दिवशीही एकादशीच होती. निर्जळी उपासाने तिला वर्गातच घेरी आली आणि पेपर कोरा राहिला. आता नापास झाली, तर येलहंक्याच्या स्थळाला होकार जायचा होता. तिला तर शाळेत गणित शिकवायचं होतं.

काळजी सगळ्यांनाच होती, आणि त्या काळजीचाच जाच होत होता. वडील पोथी घेऊन बसले होते. तिची आई प्रेमा ओलेत्याने तुळशीला प्रदक्षिणा घालत होती आणि दर फेरीला विचारत होती, "सगळं आठवतंय ना गं?" त्या विचारण्यानेच पोरीला आठवलेलंही विसरायला होई.

अनुसूया हे बघत होती. ती भीमाचार्यांची धाकटी बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. या घरात तिचं म्हणावं असं एकच होतं, सोवळ्यातलं स्वयंपाकघर. देवाचा नैवेद्य तिच्या हातचा. अण्णा, म्हणजे भीमाचार्य, दुसऱ्या कुणाच्या हातचं जेवतच नसत.

आज चूल थंड होती. अनुसूयेने पोहे भिजवले, दह्यात कालवले आणि पदराआड वाटी घेऊन ती मागीलदारी आली.

"खा."

"आत्या! एकादशी आहे!"

"ठाऊक आहे. मलाही पंचांग कळतं."

"पाप लागेल गं. पेपर वाईट गेला तर म्हणतील, खाल्लं म्हणूनच..." क्षमाने वाटी परत सरकवली.

अनुसूयेने पहिला घास स्वतःच्याच तोंडात घातला. कळत्या वयापासून एकादशीला तिने पाण्याचा थेंबही घेतला नव्हता.

"स्वल्प खारट झालंय," ती म्हणाली. "लागायचं ते मला लागलं. तू नुसते पोहे खा."

क्षमाला रडतारडता हसू आलं. "आणि आकडे पुन्हा डोळ्यांपुढे तरंगायला लागले तर?"

"डोळे मीट. श्वास घे. मग एकच गणित बघ, सोपं असेल ते. तांदूळ निवडताना मी अख्खं पोतं बघते होय?"

वाटी निम्मी झाली, तोच अण्णा कळशी घेऊन विहिरीवर आले. त्यांनी वाटीकडे पाहिलं, मग बहिणीच्या ओठावरच्या दह्याकडे.

"जटकागाडी दारात आलीय," ते क्षमाला म्हणाले. "संपव आणि जा."

ती गेल्यावर कळशी भरताभरता, मान वर न करता ते बोलले, "एकादशी मोडलेल्या हातचा नैवेद्य देवाला चालायचा नाही. उद्यापासून स्वयंपाक प्रेमा करेल."

"सरी, अण्णा, बरं," अनुसूया म्हणाली आणि वाटी घासायला बसली.

क्षमा पास झाली. पुढे कितीतरी वर्षं मुलींच्या शाळेत तिने गणित शिकवलं. परीक्षेच्या सकाळी तिच्या डब्यात दहीपोहे असत आणि उपाशी आलेल्या मुलीसमोर पहिला घास ती स्वतः घेई. येलहंक्याच्या मुलाला दुसरीकडची मुलगी मिळाली. प्रेमाच्या हातचं सार अण्णांना कधीच रुचलं नाही, पण शेवटपर्यंत ते तेच मुकाट्याने जेवले.

अण्णा वारल्यावर प्रेमा म्हणाली, "वन्सं, आता या की आत."

अनुसूया गेली नाही. सदुसष्ट साली डोळे मिटेपर्यंत ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर तांदूळ निवडत बसे. आतून प्रेमा विचारी, "वन्सं, मीठ किती घालू?"

"स्वल्प कमीच घाल," ती म्हणे.