दोनशे चौदा सोडलेल्या चाचण्या

या मित्रांनो, असे जवळ येऊन बसा. मागच्यांनीही पुढे सरका, कारण माझा आवाज आता लांबवर पोचत नाही. आज तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडायची नाही.

मी एक जुना चाचणी-संगणक आहे. चाचणीच्या खोलीत लोखंडी मांडणीवर आम्ही सात भावंडं ओळीने बसायचो. मी शेवटचा, म्हणून माझं नाव सातवा. कारखान्यात निळे हातमोजे घातलेल्या बायकांनी मला जोडलं. शेवटचा स्क्रू पिळून एकीने माझ्या पाठीवर थाप मारली आणि ती म्हणाली, "जा बाबा, सुखाने नांद." सगळ्याजणी खळखळून हसल्या. तो आशीर्वाद मी फार दिवस जपून ठेवला होता.

माझं काम जरा विचित्र होतं. माझ्या पोटात दुसरे संगणक राहत. ते सॉफ्टवेअरने रचलेले, हाताला न लागणारे. पण प्रत्येकाला वाटे की आपण खरेखुरे, स्वतंत्र यंत्र आहोत. त्यांना आभासी यंत्रं म्हणतात. यंत्राची स्मृती म्हणजे एक लांबलचक गल्ली समजा आणि गल्लीतल्या प्रत्येक घराला एक पत्ता. सात भावंडांपैकी एकट्या माझ्याच प्रोसेसरला एक नवी विद्या येत होती. पत्त्याच्या सुरुवातीला काही आकडे रिकामे असतात. तिथे कुणी आपली खूण लिहिली, तर तिच्याकडे काणाडोळा करून उरलेल्या पत्त्यावर बिनचूक पोचायचं. पाकिटाच्या कोपऱ्यात कुणी फूल काढलं म्हणून पोस्टमन घर चुकत नाही, तसंच हे. मात्र काणाडोळा तेवढ्याच आकड्यांकडे करायचा. एक आकडा जास्त गाळला, की पत्र शेजारच्या घरात पडलंच म्हणून समजा.

पोटातल्या यंत्रांना हे जमतं का, ते पाहायला एक बाई होत्या. सारख्या शंका काढत, म्हणून सगळे त्यांना शंकासूर म्हणत. त्यांनी दोनशे चौदा चाचण्या लिहिल्या होत्या. खरा पत्ता पोचलाच पाहिजे, खोटा परत आलाच पाहिजे. सगळ्या चाचण्यांना अकरा मिनिटं लागत. तेवढा वेळ बाई माझ्यासमोर हाताची घडी घालून बसत. आभासी यंत्रं रचणारं हे सॉफ्टवेअर पुढे एका इस्पितळात जायचं. कुठल्या खाटेवरच्या रुग्णाला किती औषध सोडायचं, ते आकडे तिथल्या आभासी यंत्रांच्या स्मृतीत राहत. "इथे एक घर चुकलं, तर तिथे एक माणूस जाईल," बाई म्हणत.

खोली झाडायला एक मावशी येत. आमच्याशी बोलत बोलत त्या धूळ पुसत. "काय रे सातव्या, आज अंग तापलंय का तुझं?" असं त्यांचं चाले. एके दिवशी त्यांनी नवं फडकं आणलं. रंगीत तुकडे जोडलेलं, चारही कडांना लाल दोऱ्याची शिलाई असलेलं.

"माझ्या धाकटीनं शिवलंय," त्या बाईंना म्हणाल्या. "चिंधीसुद्धा फुकट घालवत नाही बया. मशीनवर बसली की जेवायचीही शुद्ध नसते तिला."

पुढे बाईंच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि बाई चार महिन्यांच्या रजेवर गेल्या. त्याच सुमारास तारा बदलायला खोलीची वीज तोडली. माझ्या आत बटणाएवढी एक बॅटरी असते. वीज गेली तरी कोणती सोय चालू आणि कोणती बंद, हे ती लक्षात ठेवते. ती केव्हाच संपली होती, पण कुणी पाहिलं नव्हतं. वीज परत आली तेव्हा मी सगळं विसरलो होतो. माझी विद्या बंद पडली होती.

प्रत्येक चाचणी आधी विचारायची, "तुला ही विद्या येते का?" मी म्हणायचो, "नाही." मग ती काहीच न तपासता नोंद करायची, 'सोडली'. असं दोनशे चौदा वेळा. भिंतीवरच्या फलकावर फक्त चुका मोजल्या जात. चुका शून्य, म्हणून फलक हिरवागार.

बाईंचे वरिष्ठ साहेब खूश झाले. "सातव्याकडून शिका काहीतरी!" असं म्हणत त्यांनी माझ्या कपाळावर सोनेरी चांदणी चिकटवली. मावशी ती रोज फडक्याने लखलखीत करत. देवाने तेव्हा मला तोंड दिलं नव्हतं मित्रांनो, नाहीतर मी ओरडलो असतो.

बाई परतल्या त्याच सकाळी थबकल्या. "अकरा मिनिटांचं काम हा चाळीस सेकंदांत उरकतोय?"

"आल्या शंकासूर!" साहेब हसले. "अहो, सवयीनं हात बसतो."

"यंत्राला सवय लागत नाही साहेब. तुम्हाला हिरव्या रंगाची लागलीय."

त्यांनी नोंदी उघडल्या. 'सोडली, सोडली, सोडली.' त्यांनी बॅटरी बदलली, माझी विद्या चालू केली आणि समोर बसल्या. अकरा मिनिटांनी दोनशे तेरा हिरव्या झाल्या, एक लाल. नव्या सॉफ्टवेअरमध्ये एक आकडा जास्त गाळला जात होता.

"इस्पितळात हे कधी गेलं?"

"तीन आठवडे झाले," साहेब पुटपुटले.

बाईंनी तिथूनच फोन लावला. तिकडचं बोलणं त्या कागदावर उतरवत गेल्या. चार दिवसांपूर्वी एका खाटेचं औषध शेजारच्या खाटेला गेलं होतं. साध्या शस्त्रक्रियेला आलेली एक तरुणी त्यात दगावली होती. शिवणकाम करायची. मावशी चार दिवस कामावर आल्या नव्हत्या.

मावशी आठव्या दिवशी आल्या. "गप्प राहा, वकील बघतील," असं साहेबांनी बजावलं होतं. तरी बाई त्यांच्या बादलीशेजारी फरशीवर जाऊन बसल्या.

"मावशी, धाकटीला शेजारच्या खाटेचं औषध गेलं. ती चूक आम्हाला इथेच सापडायला हवी होती."

मावशींनी माझ्याकडे बोट केलं. "पण ह्याला तर चांदणी दिली होती ना?"

"ह्यानं तपासलंच नव्हतं. आणि आम्ही कुणी विचारलं नाही."

मावशी उठल्या. त्यांनी नखाने चांदणी खरवडली. अर्धी निघाली, अर्धी तशीच राहिली. मग फडक्याची नीट चौघडी करून त्यांनी ती माझ्या डोक्यावर ठेवली आणि निघून गेल्या. त्या पुन्हा कधी आल्या नाहीत. नवी माणसं बाकीच्या सहांना पुसत. मला कुणी हात लावत नसे. तेही बरोबरच होतं.

बाईंनी घडलेलं सगळं लिहून दिलं. महिन्याभरात त्यांची खुर्ची रिकामी झाली. फलकावर मात्र 'सोडल्या' असा पिवळा रकाना आला, तो त्यांच्यामुळेच.

आता मी अडगळीत आहे. फडकं अजून माझ्या डोक्यावर आहे. मित्रांनो, यंत्राची निगा राखा, त्याची बटणाएवढी बॅटरीसुद्धा वेळेवर बदला. आणि कुणी "सगळं ठीक आहे" म्हणालं, तर एकदा विचारा, "पाहिलंत का?" लोक हसतील, शंकासूर म्हणतील. म्हणू देत. विचारताना त्या धाकटीची आठवण ठेवा. तिचं नाव मला कधी कळलं नाही. तिच्या लाल दोऱ्याचा एकही टाका अजून उसवलेला नाही.