आठ काही घरी पोचेना

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे आणि स्वभावाने भारी उतावळा. अर्धवट गणित अंगावर राहिले की मला चैन पडत नाही. पाथर्डीकडच्या एका गावात, सहावीच्या वर्गात, चार सागवानी फळ्या जोडून मला उभे केले तेव्हापासून हे असेच चालले आहे.

१९७१ साली दसऱ्याच्या सुमारास गोरक्षनाथ गुरुजींनी एक खेळ काढला. आपला हजेरी क्रमांक घ्यायचा, त्याचे मूळ अवयव पाडायचे आणि लहानापासून ओळीने शेजारी शेजारी लिहायचे. जी नवी संख्या तयार होईल तिचे पुन्हा अवयव पाडायचे. शेवटी मूळ संख्या आली, म्हणजे आणखी फुटेनाशी झाली, की ती घरी पोचली. बन्सीचा क्रमांक दहा. दोन आणि पाच, म्हणून २५. मग ५५, मग ५११, मग ७७३. बन्सी घरी पोचला आणि गोट्या खेळायला पळाला.

लंकाचा क्रमांक आठ. तीनदा दोन, म्हणून २२२, मग २३३७, ३१९४१, ३३३७१३१३. या शेवटच्या संख्येला तीनने भाग गेला आणि उरली १११२३७७१. ती पुढे फुटते की नाही हेच कळेना. लंका रोज मधल्या सुट्टीत एकेका मूळ संख्येने भागून बघायची आणि मी घायकुतीला यायचो. एकदाचा भाग जाऊ दे की!

दिवाळी झाली. तिचे आईवडील देवळाली प्रवरेकडे ऊसतोडीला निघाले आणि धाकट्याला सांभाळायला लंकालाही नेले. अशी गेलेली मुलगी पुन्हा वर्गात बसत नाही, हे मी कितीदा तरी पाहिले होते. निघताना तिने कोपऱ्यातल्या गणिताभोवती चौकट आखली.

"एवढं पुसू नका, गुरुजी. मी येनार हाय."

गुरुजींनी तीन महिने ते जपले. मग तपासणीला साहेब येणार म्हणून मला कोळशाने काळे करायचे ठरले आणि गडबडीत गुरुजींचाच बोळा त्या चौकटीवरून फिरला. लक्षात आल्यावर त्यांनी बोळा खाली टाकला. मला तर त्यांचा रागच आला. फळ्याला ओरडता येत नाही, याचे इतके वाईट मला कधी वाटले नव्हते.

चैत्रात लंका आली, सोबत तिची आई साळूबाई. लंकाने काळा कोपरा पाहिला. खडू घेऊन तिने सगळे तोंडपाठ लिहून काढले. उसाच्या फडावर, बैलगाडीच्या फळीवर कोळशाने मांडून तिने ३३३१ पर्यंतच्या एकूण एक मूळ संख्यांनी भागून पाहिले होते. त्यापुढच्या मूळ संख्येचा वर्गच मोठा होतो, म्हणजे १११२३७७१ फुटत नव्हती. म्हणून पुढची संख्या ३१११२३७७१. आणि हिला लगेच सातने भाग गेला!

साळूबाई दारातूनच बघत होती.

"गुरुजी, हे संपनार कधी?"

"मलाही माहीत नाही," गुरुजी म्हणाले.

साळूबाई उंबरा ओलांडून आत आली. "मग पुढल्या साली ही आत्याजवळ ऱ्हाईल. धाकट्याला मी फडात न्हेते."

लंका पुढे शिकली. आठ मात्र माझ्या अंगावर कधी घरी पोचला नाही आणि माझी तगमगही थांबली नाही. मित्रांनो, फळा जरूर पुसा, त्यासाठीच तो असतो. पण पुसण्याआधी वर्गाकडे वळून विचारा, कुणाचे काही राहिले आहे का. आणि त्या दिवशी जे गैरहजर असतील, त्यांचेही विचारा.