टोकाच्या खुर्चीसमोरचा माइक

मी धोरण विभागाच्या बैठकीच्या खोलीतला माइक बोलतोय. संचालकांसमोर मान ताठ करून उभा असतो तो मी नव्हे. मी दाराकडच्या टोकाचा. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं पुढे ढकलण्याची नोकरी केली, आता थोडं स्वतःचं बोलतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जोडणी झाल्यावर तपासणीच्या बाईने मला तोंडाशी धरलं आणि पलीकडच्या मैत्रिणीला विचारलं, "काय गं, गेली का सासू?" कर्ण्यातून आवाज घुमला आणि सगळा कारखाना हसला. माझ्या कानावर पडलेलं ते पहिलं वाक्य. त्यात विचारणारीला उत्तर खरोखर हवं होतं. धोरण विभागात आल्यापासून असा प्रश्न मी क्वचितच ऐकला.

आम्हा माइकांचा अख्खा संच विभागाने घेतला. लांब मानेचा संचालकांना मिळाला, बाकीचे हुद्द्याप्रमाणे वाटले गेले, आणि मी उरलो म्हणून टोकाला गेलो. इथली माणसं बोलण्याआधी आम्हाला टिचक्या मारतात, फुंकर घालतात, मग "मी फार वेळ घेणार नाही" असं सांगून तो घेतात. बसायची चढाओढ संचालकांच्या बाजूला, त्यामुळे माझ्या आसपासच्या खुर्च्या कायम रिकाम्या. तिथे फक्त इंटर्न बसतात.

इंटर्न म्हणजे सार्वजनिक धोरणात पदव्युत्तर शिक्षण घेणारी मुलं. दरवर्षी उन्हाळ्यात येतात. पहिल्या दिवशी विभागाच्या पाटीखाली फोटो काढतात, दुसऱ्या दिवशी व्यवस्था बदलायला निघतात आणि तिसऱ्या दिवसापासून जुन्या अहवालांचे फॉन्ट बदलत बसतात. घरी फोनवर मात्र "अनुभव फार मिळतोय" असं सांगतात. तिकडे आईबाप नातेवाइकांना सांगतात, आमची मुलगी सरकारात आहे. 'तळागाळ' हा शब्द ही मुलं इतक्या मऊपणे उच्चारतात की खाली कधी पाय टेकलेला नाही हे लगेच कळतं. आणि त्यांना राबवून घेणारे अधिकारी? त्यांनाही तो शब्द येतो, फक्त भाषणाच्या दिवशी.

उन्हाळ्याच्या शेवटच्या बैठकीत इंटर्नने माझ्यासमोर बसून आपलं काम मांडायचं, अशी इथली प्रथा. एका वर्षी एक मुलगा आकडे सांगत इतका लांबला की संचालकांचा चहा गार झाला. त्यांनी वायरमनला बोलावून सांगितलं, "त्या टोकाच्या माइकचं काहीतरी करा." वायरमन जाणता माणूस. त्याने माझी आवाजाची तार तोडली आणि लाल दिव्याची तेवढी ठेवली.

तेव्हापासून इंटर्न बटण दाबतात, दिवा लागतो आणि ती मन लावून बोलतात. खोली लांब आणि थंड हवेचं यंत्र जुनं. त्याच्या घरघरीत शब्द टेबलाच्या मध्यावरच मरतात. ओठ हलायचे थांबले की संचालक मान डोलावतात, ते पाहून बाकीचे डोलावतात. बाहेर पडल्यावर इंटर्न एकमेकांना सांगतात, "सरांना मुद्दा पटला!" एकाही गाढवाने कधी विचारलं नाही की कोणता मुद्दा.

गेल्या उन्हाळ्यात दोघं आली. एक मुलगा, ज्याला शाखाधिकारी लाडाने स्लाइडवाला म्हणत. दुसरी एक मुलगी. ती प्रश्न विचारायची म्हणून तिचं नाव शंकासूर पडलं.

विभागाला शहरातले संध्याकाळचे दवाखाने बंद करायचे होते. दिवसा कामावरून सुटका नसलेल्यांसाठी ते सहा ते नऊ चालत. तिथे कोणी येत नाही असं पाहणीत आढळलं होतं. पाहणी स्लाइडवाल्याची होती आणि आलेखही त्यानेच रंगवले होते. बैठकीच्या आदल्या दिवशी दोघं तालमीला रिकाम्या खोलीत आली.

"तू स्वतः गेला होतास दवाखान्यात?" तिने विचारलं.

"सगळ्यांत गेलो. अगं, कुत्रं नव्हतं तिथे!"

"किती वाजता गेलास?"

"ऑफिसच्या वेळेत, दहा ते पाच. पाचनंतर आपला विभागाचा पास चालत नाही ना."

"अरे शहाण्या, दवाखाना सहाला उघडतो."

तो बाटलीतलं पाणी प्यायला. बराच वेळ प्यायला. मग म्हणाला, "पद्धतीची मर्यादा म्हणून शेवटच्या स्लाइडवर टाकू या का? बारीक अक्षरात?"

"माझी आई दिवसभर दुकानात उभी असते," ती म्हणाली. "तिची साखर तिथेच तपासतात. दवाखाना गेला तर ती रजा मागायची नाही, तपासणं सोडून देईल. हे कुठल्या स्लाइडवर टाकतोस?"

तेवढ्यात शाखाधिकारी डोकावले. मुलीने सगळं सांगितलं.

"अगं बाई, अहवाल वर गेलाय."

"पण सर, चूक आहे ती."

"असेल. पण आता मंजूर झालेली चूक आहे." दारातून वळता वळता ते म्हणाले, "आणि तुझ्या प्रमाणपत्रावर सही माझी लागते, एवढं लक्षात असू दे."

मुलगी माझ्यासमोर बसली, बटण दाबलं, दोन वाक्यं बोलली आणि थांबली. मग उठून थेट वायरमनला घेऊन आली.

"काका, हा चालत नाही."

"चालतो की. दिवा बघ ना."

"आणि आवाज?"

"आवाज कोणी मागितला होता?" वायरमन म्हणाला. "वरून सांगितलं म्हणून तोडला, वरून सांगतील तेव्हा जोडीन. मला पोरंबाळं आहेत, माझे आई."

मला वाटलं, ही आता रडेल किंवा अर्ज लिहील. तावातावाने भांडेल असंही वाटलं. भांडणारेही पाहिलेत मी. त्यांना चहा पाजतात, "तुमच्यासारख्या तरुणांची गरज आहे" म्हणतात आणि जिन्यापर्यंत पोचवतात. हिच्याबद्दलही माझा तिरस्कार तयारच होता.

दुसऱ्या दिवशी स्लाइडवाला आधी बोलला. माझा दिवा लागला, ओठ हलले, माना डोलल्या. बैठकीचं टिपण लिहिणाऱ्या कारकुनाने सवयीने 'मौलिक सूचनांचे स्वागत करण्यात आले' असं लिहूनही टाकलं. मग मुलगी उठली. तिने दोन बोटांनी माझी मान वळवून भिंतीकडे केली आणि सगळं टेबल ओलांडून संचालकांच्या खुर्चीशी जाऊन उभी राहिली.

"तिकडचा माइक बंद आहे सर, म्हणून इथे आले."

"बंद?" संचालक म्हणाले. "आत्ता तर आपण त्या मुलाचं सगळं ऐकलं."

"काय म्हणाला तो, सर?"

शाखाधिकारी बिस्किटाची नक्षी बघू लागले. कारकुनाने पेनाला टोपण लावलं.

आता ही फोडणार सगळं, असं मला वाटलं. पण तिचा आवाज एकदम मवाळ झाला.

"पाहणी चांगलीच आहे सर. फक्त एवढा मोठा निर्णय आम्हा इंटर्नच्या पाहणीवर घेणं विभागाला शोभत नाही. शाखाधिकारी सरांनी स्वतः, दवाखान्याच्या वेळेत, म्हणजे सहा ते नऊ, महिनाभर बसून पाहणी करावी आणि ती पूर्ण होईपर्यंत एकही दवाखाना बंद करू नये, असं ठरलं तर निर्णयाला वजन येईल."

तिच्या आधीच्या प्रश्नातून सुटायला संचालकांना काहीतरी हवंच होतं. "योग्य! अत्यंत योग्य! टिपणात घ्या." शाखाधिकाऱ्यांनीही मान डोलावली. आपल्या जाण्याने निर्णयाला वजन येत नाही, असं कोणता अधिकारी म्हणेल?

तेव्हा मला उमगलं. इतर इंटर्न फॉन्ट बदलत होते तेव्हा ही बया माणसं वाचत होती. पाच वाजता घरी पळणाऱ्यांनी या इमारतीचा जिना कसा दणाणतो, हे तिने रोज ऐकलं होतं.

शाखाधिकारी अजून पाहणीला गेलेले नाहीत. आधी त्यांना पडसं झालं, मग भाचीचं लग्न निघालं, मग गुडघा धरला. आता त्यांनी संध्याकाळच्या कामासाठी गाडी मागितली आहे आणि गाडीची फाइल माझ्या माहितीप्रमाणे तिसऱ्या मजल्यावर विश्रांती घेते आहे. मुलीचं प्रमाणपत्रही त्यांनी अडवलं. "पाहणी पूर्ण झाली की देतो," म्हणाले. त्यापायी तिची पदवी लांबली. जाताना ती वायरमनला म्हणाली, "काका, सरांना घाई करू नका म्हणावं."

आणि माझं? त्या बैठकीनंतर संचालकांनी तातडीने आदेश दिला. तार जोडायचा नव्हे, मला काढून टाकायचा. आता मी वायरमनच्या कपाटात जळक्या होल्डरांच्या शेजारी पडलो आहे. परवा त्याने कपाट उघडून औषधाची पुडी वरच्या फळीवर ठेवली आणि मदतनिसाला म्हणाला, "धाकट्याचा खोकला हटत नव्हता. काल सुटी झाल्यावर संध्याकाळच्या दवाखान्यात दाखवून आणला. कसली गर्दी रे तिथे!"

यंदाचे इंटर्न आलेत. त्यांतली एक मुलगी बाहेर शाखाधिकाऱ्यांना म्हणताना ऐकली, "सर, ती पाहणी राहिलीय ना? मी जाते की संध्याकाळी!" बाई गं, तुझा उत्साह तुझ्याजवळ ठेव. पाहणी पूर्ण झाली की ती फाइल हलेल, आणि इथे हललेली फाइल बंद करण्याच्याच दिशेने जाते, आकडे काहीही सांगोत. तुला जायचंच असेल तर जा. कागद-पेन न घेता जा, रांगेत उभी राहा, मागच्या बाईला पुढे जाऊ दे, आणि कितीजण होते असं कोणी विचारलं तर मोजलं नाही म्हणून सांग.