सातच्या आकड्यावरचा ठिपका

माझं खरं काम सकाळी दहा ते एक. त्यानंतर खिडकीतला उजेड पिवळा पडतो आणि माझ्या रंगांवर माझाच विश्वास राहत नाही.

मी डोळ्यांच्या दवाखान्यात नकली डोळे करते. अपघातात किंवा आजारपणात ज्यांचा एक डोळा गेला, त्यांच्या शाबूत डोळ्याला जोड रंगवून देते. लोकांना वाटतं, फार भीतिदायक काम असणार. कसलं आलंय भीतिदायक! नखाएवढी चकती, चार केसांचा ब्रश आणि समोर एक माणूस गप्प बसलेलं. तासाभरानं खोली तरंगायला लागते. बाहेरचे आवाज लांब जातात, समोरचा डोळा मोठा मोठा होत जातो आणि मी त्याच्या काठाकाठानं चालत असते. त्या वेळी कुणी हाक मारली तर मी हमखास खेकसते.

घरी हेच तर नडलं.

माझी लेक नऊ वर्षांची. जिना कधी धड चढत नाही, कठड्यावरूनच जाते, म्हणून आम्ही तिला खार म्हणतो. गेल्या शनिवारी तिची पोहण्याची शर्यत होती आणि मी कुणाच्या तरी डोळ्याच्या काठावर चालत होते. पोचले तेव्हा तलावावर एक माणूस जाळीनं पाण्यातली पानं काढत होता, बाकी कुणी नाही. खार दुसरी आली होती म्हणे.

घरी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "सगळ्या जगाचे डोळे बघतेस ना? मग माझ्या डोळ्यांत काय आहे, सांग."

मी भांडी विसळत होते. म्हटलं, "काय असणार? तपकिरी आहेत, चारचौघांसारखे."

झालं! अबोला धरला. बुधवारी बघते तर बॅग भरलेली. बापाला सांगत होती, "मी मावशीकडे राहणार. तिथल्याच शाळेत जाईन. मावशी दिवसभर घरी असते." माझी बहीण फोनवर लगेच, "पाठव की!" हिचं काय जातंय बोलायला! नवरा बेकरीत पहाटेच्या पाळीला असतो, दुपारी पिठानं माखून येतो आणि बसल्या जागी पेंगतो. तोही म्हणाला, "जाऊ दे. रविवारच्या गाडीनं मी सोडून येतो. चार दिवसांत आठवण येईल, येईल परत." माझं डोकंच फिरलं. ही पोर माझ्यावर गेली आहे. एकदा गेली की स्वतःहून परत यायची नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं.

त्या आठवड्यात माझ्यासमोर बसायला येत होती ती एक पार्लरवाली. दिवसभर आरशासमोर उभी राहून बायकांचे केस कापणारी, तिला फसवणं सोपं नव्हतं. शुक्रवारी तिची तिसरी सकाळ. ऊन तिच्या मांडीपर्यंत आलं आणि बसल्या बसल्या बाईंचा डोळा लागला. अशा वेळी ब्रश खाली ठेवायचा, हा आमच्या कामातला पहिला नियम. पण माझा हात चालत राहिला. मला रविवारची गाडी दिसत होती, खिडकीपाशी खार, हात न हलवता समोर बघणारी. गाडी हळूहळू निघत होती, मी शेजारून चालत होते आणि ब्रश आपला आपण रंगवत होता.

बाई जागी झाली. मी चकतीवर पाण्याचा थेंब टाकला, ओल्यावर रंग खरा दिसतो म्हणून. तिच्या डोळ्याशेजारी धरली आणि आरसा हातात दिला. तिनं खूप वेळ निरखलं.

"रंग झकास जमलाय, ताई. पण हा डोळा माझा नाही."

"असं कसं म्हणता?"

"हे बघा ना." तिनं नखाचं टोक टेकवलं. बुबुळाला घड्याळ मानलं तर बरोबर सातच्या आकड्यावर, खसखशीएवढा पिवळा ठिपका. "असलं काही माझ्या डोळ्यात नाही. रोज बघते मी."

नव्हतंच. तो कुणाचा, हे मला तत्क्षणी कळलं. पाळण्यातून माझ्याकडे टुकुटुकु बघायची तेव्हापासूनचा होता तो. "माझ्या लेकीचा आहे," मी म्हणाले आणि गिऱ्हाइकासमोर चक्क रडले. मग सगळी कहाणी सांगावीच लागली.

बाई हसली. "मग तो मला कशाला चिकटवताय? नेऊन दाखवा तिला! माझं काय, काळ्या चष्म्यावर काढेन अजून एक आठवडा."

औषधाच्या डबीत चकती घालून मी घरी निघाले. रस्ताभर मी हवेत. माझं लक्ष नसतं काय? आता बोल म्हणावं! खार शाळेतून आली तेव्हा मी दारातच उभी होते. डबी तिच्या हातात दिली, सगळं सांगितलं. ती डबी घेऊन आत आरशाकडे गेली. बराच वेळ आलीच नाही.

"फोटो बघून काढलास?" बाहेर येऊन तिनं विचारलं. सहा दिवसांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

"नाही गं. मनातून."

ती चकतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, हा जुना आहे."

"जुना म्हणजे?"

"आता दोन आहेत." तिनं बोटानं खालची पापणी ओढून दाखवली. सातच्या शेजारी, जरा खाली, दुसरा ठिपका.

"हा कधी आला?"

"मागच्या सुट्टीपासून आहे. मी कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, तुला दिसेल."

माझी सगळी ऐट खाली आली. मागची सुट्टी म्हणजे सात महिने. सात महिने ती वाट बघत होती.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "नवीन काढते. बसशील?"

तिनं इकडेतिकडे पाहिलं. मग कोपऱ्यातली भरलेली बॅग ओढत खिडकीपाशी आणली आणि तिच्यावर बसली. "एका डोळ्याला किती दिवस लागतात?"

"तीन सकाळी. तुझी दुपारची शाळा भरायच्या आधी करू. दवाखान्यात मी जाईन उशिरा."

ती बोटांवर मोजायला लागली. "दोन डोळ्यांच्या सहा सकाळी. म्हणजे रविवारची गाडी चुकणार."

"चुकणारच. आणि मुलांचे डोळे सारखे बदलतात. जास्तही लागतील."

"जास्त म्हणजे किती?"

खिडकीतला उजेड केव्हाच पिवळा पडला होता. रंगवायला उपयोगाचा नव्हता, पण बघायला पुरेसा होता. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि तिची हनुवटी धरली.

"हलू नकोस," मी म्हणाले.