सतरा कागद कमी

मी संशयी माणूस आहे, हे आमच्या प्रकाशा गावात कुणालाही विचारा. वर्गात खडू हरवला तर मी आधी पोरांचे खिसे तपासायचो आणि मग टेबलाखाली बघायचो. खडू बहुतेक टेबलाखालीच सापडायचा, पण त्यामुळे माझी सवय काही सुटली नाही. बायको म्हणायची, गिरधर गुरुजींनी निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या खिशात काढलं. तेव्हा राग यायचा. आता येत नाही.

सत्तावन सालच्या निवडणुकीत मला केंद्राध्यक्ष करून वर सातपुड्यात, उंबरीपाड्याला धाडलं. तेव्हा आपण मुंबई राज्यात होतो आणि जिल्ह्याचं नाव पश्चिम खानदेश होतं. मत द्यायची रीतही निराळी होती. कागदावर खूण करायची नसे. दर उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह; पडद्याआड जायचं आणि हव्या त्या पेटीत कागद टाकून यायचं. मतदाराला कागद मात्र दोन मिळत, एक विधानसभेचा आणि एक लोकसभेचा. दोन्हींचे पडदेही वेगळे. कागद नोटेएवढाच, त्यावर छापील नंबर, आणि मागे आमच्या केंद्राचा शिक्का. तो शिक्का मी स्वतः दाबून मारत होतो, उगाच कुणी फिका म्हणायला नको.

गावाचा कोतवाल होता खात्या. त्याच्या बापानेही कोतवालीच केली होती. शहाद्याच्या बाजारात जाऊन येऊन अहिराणी बोलायचा, म्हणून आमचं बोलणं गावाला आणि गावाचं आम्हाला तोच सांगायचा. दिवसभर तो त्या दुसऱ्या पडद्यापाशी, लोकसभेच्या, उभा होता. डोक्याला कोरा करकरीत फेटा. आदल्या दिवशी एका पक्षाची जीप पायथ्याशी येऊन गेल्याचं मला कळलं होतं. ती जीप आणि तो फेटा मी मनातल्या मनात शेजारी शेजारी ठेवून दिले.

आठ-दहा दिवसांनी धुळ्याहून पत्र आलं. उंबरीपाड्याचे विधानसभेचे कागद बरोबर भरले होते, लोकसभेचे सतरा कमी. वाटलेले कागद पेटीत नाहीत, तर गेले कुठे, याचा आठ दिवसांत खुलासा करा. त्या दिवसांत पडद्याआडून कागद तसाच बाहेर आणायचा, दलालाच्या हाती द्यायचा आणि त्याने शेवटी गठ्ठ्याने एकाच पेटीत कोंबायचे, असले उद्योग चालत असल्याचं ऐकिवात होतं. माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. खुलासा लिहायला बसलो आणि एका बैठकीत लिहून काढला: पडद्यापाशी कोतवाल खात्या याची दिवसभर संशयास्पद हजेरी होती. फेट्याचंही लिहिलं.

खात्याला धडगावला नेऊन दोन दिवस बसवून ठेवलं. त्याने एवढंच सांगितलं, माले ठावं नही. कागद काही मिळाले नाहीत, पण कोतवाली गेली. मी पुढच्याच वर्षी कायम झालो. चोर असता तर काहीतरी रचून सांगितलं असतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तो गप्प बसला म्हणजे नक्की चोर, असंच मी धरलं.

बासष्टला पुन्हा निवडणूक आली आणि नेमणुकीच्या यादीत माझ्या नावापुढे पुन्हा उंबरीपाडाच. बरोबर नंदुरबारच्या कचेरीतला कारकून प्रेमचंद. या वेळी रीत बदलली होती. सगळ्या उमेदवारांची चिन्हं एकाच कागदावर छापलेली, आपल्या चिन्हापुढे शिक्का मारायचा, घडी करायची आणि केंद्राध्यक्षाच्या डोळ्यांदेखत एकाच पेटीत टाकायची. ही रीत मला फार पसंत पडली. यातून कोण कागद पळवतो बघू, म्हटलं.

सकाळी पुरुष आले. दुपार झाली तरी बाई एक नाही. यादीत ऐंशीवर बाया, आणि केंद्रावर एकही साडी दिसेना.

"गुरुजी, हाई काही बरं लक्षण नही," प्रेमचंद म्हणाला. "कोनी तरी बायास्ले अडाई ठेयेल शे."

कोण ते मला लगेच कळलं. मतदारांत खात्याचा पत्ता नव्हता. जुना डूख धरून माझं केंद्र बुडवायला बसला असणार. मी नव्या कोतवालाला, फुलसिंगला, पिटाळलं आणि खात्याला बोलावून घेतलं.

तो आला. पाच वर्षांत बराच वाळला होता. मी त्याला झाडाखाली घेतलं आणि सरळ विचारलं, "बायास्ले कोनी अडायं? तूच ना?"

"कोनीच नही अडायं, गुरुजी. त्या तुम्हले भ्याई ऱ्हायन्यात."

"माले? कसाले?"

"तुम्ही आपला कागद परत लेवाले उनात, असं त्यास्ले वाटस. पेटी एकच, आनि तुम्ही समोर बसेल. मांगला वखतनं सगळं वसूल करतीन, म्हनतस."

मला काही उमगेना. खात्या म्हणाला, "चला." त्याचं घर केंद्रापासून वीस पावलांवर. पेटी प्रेमचंदच्या आणि पोलिसाच्या हवाली करून मी गेलो. खात्या पावरीत, त्यांच्या घरच्या बोलीत, बायकोशी बोलला. रूपलीबाईने आधी दार लोटून घेतलं. मग तिने कुडात खोचलेली बांबूची नळी काढली, आतून कागद काढला आणि दोन्ही हातांनी धरून मला लांबूनच दाखवला. हातात दिला नाही.

लोकसभेचा कागद. सत्तावन सालचा. मागे माझा शिक्का, ठसठशीत.

मग खात्याने सांगितलं ते असं. जंगलातून लाकूड न्यायचं तर पास लागतो, आणि पासाची दोन पानं असतात. एक नाक्यावर द्यायचं, एक आपल्यापाशी ठेवायचं. गावाला सरकारी कागदाची तेवढी एकच रीत माहीत. गावातल्या सतरा घरांची शेतं नेवाडाची, म्हणजे जंगल साफ करून केलेली, कुठे नोंद नाही, उतारा नाही. दरसाल जंगलशिपाई यायचा आणि विचारायचा, कागद कुठे आहे? आणि अशात एके दिवशी सरकार स्वतः डोंगर चढून आलं, नाव विचारून, बोटाला शाई लावून, दर बाईच्या हातात दोन दोन शिक्क्यांचे कागद ठेवून गेलं. त्या सतरा घरांतल्या एकेका बाईने एक पेटीत टाकला. दुसरा पदरात बांधून घरी नेला.

"तुले तव्हयच माहीत व्हतं?" मी विचारलं.

"तव्हय नही. धडगावहून घर उनू तं हिनी दखाडा."

"मंग सांगं काब्र नही? कोतवाली परत भेटती."

"सांगतू तं कागद लई जातात. आनि जंगलवाला तं कागद देखीसन परत जाई ऱ्हायनाता."

खरंच तसं झालं होतं. पाच वर्षं जंगलशिपाई यायचा, रूपलीबाई कागद पुढे धरायची, तो शिक्का बघायचा आणि निघून जायचा. त्याला वाचता येत नव्हतं, की येत होतं आणि त्यालाही परत जायला काहीतरी निमित्त हवं होतं? हा संशय मला आजही आहे. माझ्या सगळ्या संशयांत हा एकच बरा.

"आनि तो फेटा?" मी विचारलं. एवढं ऐकूनही मला राहवलं नाही.

"सासरानी दिधा व्हता. सरकारनं काम शे, नवा बांध, म्हने."

माझी मान खाली गेली. मी म्हटलं, खात्या, मी आजच्या आज धुळ्याला लिहितो. चूक माझी होती, माझा खुलासा खोटा होता, असं स्पष्ट लिहितो. तुझी कोतवाली तुला मिळाली पाहिजे. हे मी मनापासून बोललो, यात खोट नाही.

खात्या म्हणाला, "नका लिखू, गुरुजी. साहेब पुसतीन, मंग कागद कोठे शे? तुम्ही काय सांगशात?"

तेव्हा मला काय वाटलं ते सांगण्यासाठीच हे सगळं लिहितो आहे. मला हायसं वाटलं. खोटा खुलासा बाहेर येणार नाही, चौकशी होणार नाही, नोकरीला धक्का नाही. खात्याबद्दलचं दुःख मागून आलं. आधी आलं ते हायसंच. इतक्यात रूपलीबाईने काहीतरी विचारलं. खात्या म्हणाला, ती पुसस, हाऊ कागद खरा शे का?

आयुष्यभर पोरांच्या चुका लाल शाईने खोडणारा मास्तर मी. त्या कागदाला कवडीची किंमत नव्हती. मी म्हणालो, "तिले सांग, शिक्का मन्हा शे. जुना कागद कोनी मांगाव नही." पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं मी कुणाच्या जोरावर बोललो, देव जाणे.

खात्या पाड्यावर फिरून आला आणि तासाभरात बाया आल्या, घोळक्याने, एकमेकींचा पदर धरून. शाई लावायचं काम मी घेतलं होतं. संपत आलं तेव्हा खात्या स्वतः मत द्यायला आला आणि चुकून दोन बायांच्या पुढे उभा राहिला. फुलसिंगने त्याच्या छातीला काठी लावून त्याला मागे ढकललं.

"ए कागदचोर, मांगे ऱ्हाय. आते तुन्ही कोतवाली नही."

त्या सतरांपैकी सहा-सात जणी अजून तिथेच होत्या. रूपलीबाईही होती. सगळ्यांनी जमिनीकडे बघितलं. त्यांना गप्प राहणं भागच होतं. मला तसं नव्हतं. कागदाचं नावही न काढता, हा माणूस चोर नाही, एवढं त्या फुलसिंगला मी सुनवू शकलो असतो. केंद्राध्यक्ष होतो, माझा शब्द कुणी मोडला नसता.

मी यादीत बघितलं. खात्या मुकाट्याने मागे गेला आणि पाळी आल्यावर टेबलापुढे येऊन उभा राहिला.

"नाव?" मी विचारलं.

त्याने नाव सांगितलं. प्रेमचंदने यादीत खूण केली. खात्याने डावा हात पुढे केला, मी त्याच्या बोटाला शाई लावली.