आधी डोळे मिटा

"वन्सं, तुमचे टोमॅटो काही लाल व्हायचं नाव घेत नाहीत," भावजयीने नाक मुरडलं.

वन्संचा पारा चढला. पिकूनही हिरवंच राहणारं हे वाण त्यांनी गच्चीवर, दरवर्षी सगळ्यात गोड फळाचं बी राखून, स्वतः तयार केलं होतं.

"डोळे मीट आणि दाबून बघ!"

भावजयीने दाबलं. फळ चांगलं मऊ लागलं. तिने चाखलं आणि उभ्या उभ्या तीन फस्त केले. मग टोपलीभर घेऊन खाली उतरली.

जिन्यात शेजारीण म्हणाली, "अगं, हे तर कच्चे!"

"कच्चे?" भावजय कडाडली. "आमच्या वन्संचं वाण आहे हे. आधी डोळे मिटा!"

वर गच्चीवर ते ऐकून वन्सं कुंडीतलं नसलेलं तण कितीतरी वेळ उपटत राहिल्या.