बिशपांची टोपी, मुक्काम भातकुली

मी बिशपांच्या डोक्यावरची टोपी बोलतेय. समारंभातली ती उंच सोनेरी टोपी मी नव्हे. तिच्या खाली टाळूवर बसते ती वाटीएवढी, रेशमी. इटलीत मला झुकेटो म्हणतात, म्हणजे छोटा भोपळा. रंग वांग्याचा, वर देठ. तरी माझा तोरा मोठा.

आमच्या बिशप रेमिजियस यांच्या टाळूवर एक केस नव्हता. त्या घसरगुंडीवर टिकून राहणं, हेच माझं काम.

एकदा ते समारंभासाठी अंजनगावच्या चर्चला निघाले. वाटेत भातकुलीला नत्थुजींकडे थांबले. नत्थुजींची सून रागिणी मिशनच्या दवाखान्यात नर्स. तिच्या बाळाचं बारसं होतं. बाळ सकाळपासून रडत होतं. आशीर्वाद द्यायला बिशप पाळण्यावर वाकले आणि मी घसरले, ती थेट बाळाच्या डोक्यावर. भुवयांपर्यंत आले. बाळ गप्प झालं.

आजी सुभद्राबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "पाहा जी, फादरनं डोस्क्यावरची काढून लेकराले देली."

आता मी पडले असं कोण सांगणार? बिशप नुसते खाकरले. रागिणीच्या लक्षात आलं. तिनं मला अलगद उचललं, तर बाळानं असा भोंगा पसरला की गोठ्यातली बकरी दावं तोडून पळाली. मला परत ठेवलं. शांतता.

समारंभाची वेळ होत आली होती. सुभद्राबाईंनी बाळासाठी शिवलेलं टोपडं बिशपांपुढं केलं. हिरवा खण, जरीची झालर, बांधायला नाड्या.

"बांधून घ्या जी, वारं लागन."

बिशपांनी मुकाट्यानं बांधून घेतलं. रागिणीनं नंतर ऐकलं ते असं, की चर्चमध्ये सोनेरी टोपी उतरली, झालर दिसली आणि गाणारी मंडळी अर्ध्या ओळीवर थांबली. डोळे मिटून वाजवणारा पेटीवाला तेवढा वाजवत राहिला.

पोराचं नाव शिवम ठेवलं, पण गाव त्याला बिशपच म्हणतं. माझा देठ त्यानं चावून खाल्ला. दुपट्यांबरोबर मी धुतली जाते. पहिले काही दिवस अपमान वाटला. पण तिकडं मी हरवले असते तर दुसरी आली असती; इथं मी सापडेपर्यंत घरात कोणी जेवत नाही. म्हणून बिशपांना विनवते, आता मला परत मागू नका.

निवृत्त झालेले बिशप परवा हुरडा खायला आले. ओट्यावर ते आणि शिवम शेजारी बसले होते. आतून सुभद्राबाई म्हणाल्या, "बिशप, नाक पूस बरं."

दोघांनीही पुसलं.